डोक्याला सौम्य मार लागल्यानंतर कामावर परतणे: पीथमपूरहून आलेल्या एका प्रश्नाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका ताईंनी लिहिले आहे की त्यांचे यजमान, वय ४२, पीथमपूरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतात. सहा आठवड्यांपूर्वी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून राजेंद्रनगरला उतरून दुचाकीवरून घरी येत असताना खडीवर गाडी घसरली. हेल्मेट होते, तरी दोन-तीन मिनिटे शुद्ध नव्हती, आणि अपघातानंतरचा सुमारे अर्धा तास त्यांना आजही आठवत नाही. सी.टी. स्कॅन नॉर्मल आला आणि एक रात्र देखरेखीखाली ठेवून त्यांना घरी सोडले. दहाव्या दिवशी ते पूर्ण पाळीवर रुजू झाले, त्यानंतर डोकेदुखी, भोवळ आणि नोंदींतल्या चुका यांमुळे दोनदा अर्ध्या पाळीतून घरी परतले. गेले दोन आठवडे ते रजेवर असून बहुतेक वेळ पडदे ओढलेल्या खोलीत पडून असतात आणि रोज वेदनाशामक गोळी घेतात. साहेबांचे म्हणणे, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे तर मग अडचण काय?’ मनुष्यबळ विभागाला ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ असे एका शब्दाचे प्रमाणपत्र हवे आहे. ताई विचारतात, यांनी राजीनामा द्यावा का, आणि हे पूर्वीसारखे होतील का.

राजीनामा देऊ नये, आणि आणखी महिनाभर घरी पडूनही राहू नये. मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनाचे काम मी बरीच वर्षे करत आहे आणि तुम्ही वर्णन केलेल्या परिस्थितीतील बहुसंख्य माणसे आपापल्या कामावर परततात, हे प्रथमच सांगतो. मात्र कामावर परतणे हा उपचार पूर्ण झाल्यानंतरचा समारंभ नसून उपचाराचाच भाग आहे, आणि औषधाप्रमाणे त्याचीही मात्रा ठरवावी लागते. तुमच्या यजमानांना दहाव्या दिवशी ही मात्रा एकदम पूर्ण दिली गेली आणि आता ती एकदम शून्यावर आली आहे. माझ्या मते त्यांचा आजचा त्रास जितका अपघातामुळे आहे, जवळजवळ तितकाच या दोन टोकांमुळे आहे.

‘सौम्य’ हा शब्द डॉक्टर कशाच्या आधारे वापरतात, ते साहेबांनाही समजावून सांगण्यासारखे आहे. शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो मापनात १५ पैकी १३ ते १५ गुण, बेशुद्धी ३० मिनिटांपेक्षा कमी, आणि दुखापतीनंतरची स्मृतीतील पोकळी २४ तासांपेक्षा कमी असेल, तर ती दुखापत सौम्य गटात मोडते. तुमच्या वर्णनावरून यजमान याच गटात बसतात. हे वर्गीकरण पहिल्या दिवसाच्या स्थितीवरून केलेले असते. पुढे त्रास किती होईल आणि किती दिवस होईल, याबद्दल ते फारसे काही सांगत नाही. सी.टी. स्कॅनचेही तसेच आहे. रक्तस्राव, कवटीचा भंग किंवा सूज आहे का, म्हणजे शस्त्रक्रियेची गरज पडेल का, हे पाहण्यासाठी तो काढला जातो, आणि तेवढे काम त्याने चोख केले आहे. डोक्याला जोराचा हिसका बसल्यावर पेशींच्या पातळीवर जे घडते ते त्या चित्रात दिसत नाही. पेशींमधील पोटॅशियम बाहेर जाते, कॅल्शियम आत शिरते, हा समतोल परत आणण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा बरीच अधिक ऊर्जा लागते आणि नेमक्या त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा काहीसा मंदावलेला असतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशी ही काही दिवसांची, क्वचित काही आठवड्यांची ओढाताण असते. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ आणि ‘डोके चालत नाही’ ही दोन्ही विधाने एकाच माणसाबद्दल एकाच वेळी खरी असू शकतात.

दहाव्या दिवशी नेमके काय बिघडले असावे, हे तपासणीच्या टेबलावरच पाहावे लागेल. समजा, हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजण्याचे साधन, आहे, आकडा दिसतो २४.९८; तो नोंदवहीत उतरवण्यापूर्वी मागे कॉम्प्रेसर सुरू होतो, लाइनवरचा मुलगा येऊन विचारतो, ‘भैया, यह लॉट रोकें क्या?’, त्याला उत्तर देऊन मान वळवेपर्यंत लिहिले जाते २४.८९. यात मोजण्याचे कसब कुठेही गेलेले नाही आणि बुद्धीही कमी झालेली नाही. एक गोष्ट मनात धरून ठेवून दुसरी हाताळण्याची, आणि तीही दुसऱ्याने ठरवलेल्या वेगाने, ही क्षमता तात्पुरती घटलेली आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे डोरोथी ग्रॉनवॉल आणि फिलिप राइटसन यांनी १९७०च्या दशकात हेच मोजून दाखवले होते. त्यांच्या चाचणीत ठरावीक अंतराने एकेक अंक ऐकवला जातो आणि प्रत्येक नव्या अंकात त्याच्या आधीचा अंक मिळवून उत्तर द्यायचे असते: ३ नंतर ८ आला की ११, मग ५ आला की १३, मग ६ आला की पुन्हा ११. बेरीज पहिलीतल्या मुलाची, पण दोन अंकांमधील अंतर २.४ सेकंदांवरून १.२ सेकंदांपर्यंत कमी होत गेले की सौम्य मार लागलेली, एरवी हुशार माणसेही अडखळू लागतात. काही आठवड्यांनी तीच माणसे पुन्हा पूर्ववत उत्तरे देतात. कामावर कधी पाठवावे हे ठरवण्यासाठी ग्रॉनवॉल यांनी या चाचणीचा उपयोग केला होता. तुमच्या यजमानांचे काम पाहिले तर ते आठ तास चालणारी हीच चाचणी आहे, वर यंत्रांचा आवाज.

वेळापत्रकाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून करावी लागेल. सहा आठवड्यांनंतरही टिकलेल्या त्रासाला सरसकट ‘मेंदूचा मार’ असे नाव देऊन स्वस्थ बसू नये, कारण त्या त्रासाचे तुकडे पाडले की त्यांतील अनेक तुकडे स्वतंत्रपणे बरे होणारे निघतात. भोवळ गादीवर कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचे काही काढण्यासाठी मान वर केली की येत असेल आणि मिनिटभरात थांबत असेल, तर अंतर्कर्णातील सूक्ष्म स्फटिक जागचे हलले असण्याची दाट शक्यता असते. त्यावर गोळ्या चघळत बसण्यापेक्षा जाणकार डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट डोके ठरावीक क्रमाने फिरवून करतात ती एपली नावाची प्रक्रिया उपयोगी पडते, आणि अनेकांना एक-दोन बैठकांतच आराम पडतो. डोकेदुखी मानेच्या मुळापासून वर चढत असेल तर मानेची तपासणी हवी; दुचाकीवरून पडताना मानेला हिसका बसतोच, पण डोक्याच्या काळजीत मानेकडे कुणाचे लक्ष जात नाही. डोळ्यांसाठी घरीच एक साधी परीक्षा होऊ शकते. पेनाचे टोक हातभर अंतरावर धरून हळूहळू नाकाकडे आणावे. वीतभर अंतरावरच दोन टोके दिसू लागली तर दोन्ही डोळ्यांनी जवळच्या वस्तूवर एकत्र स्थिरावण्याची क्रिया ढिली पडली आहे असे समजून नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण मायक्रोमीटरवरच्या बारीक रेघा वाचणाऱ्या माणसाची डोकेदुखी एवढ्यानेही सुरू होऊ शकते. आणि हो, वय ४२ आहे. चाळिशीचा चष्मा लागण्याची वेळ अपघातासाठी थांबत नाही. अपघाताच्या खात्यावर टाकलेले निम्मे कष्ट केवळ वाचनाच्या चष्म्याने कमी झालेले मी पाहिले आहेत.

रोजच्या गोळीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली की ती गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. मिश्र घटकांच्या गोळ्यांच्या बाबतीत ही मर्यादा महिन्याला १० दिवसांवर येते. तुमचे यजमान अजून तिथे पोहोचलेले नाहीत, पण रस्ता तोच आहे. पुढील आठवड्यापासून गोळी आठवड्यातून दोन दिवसांपुरती ठेवावी, आणि डोकेदुखी त्यात आवरत नसेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडून ती रोखणारे वेगळे औषध घ्यावे. झोपेची घडी बिघडली असेल तर तिच्यावर आधी काम करावे. रात्री दोनपर्यंत जागणारा आणि दुपारी तीन तास झोपणारा माणूस, डोक्याला मार लागलेला नसला तरी, तपासणीच्या टेबलावर चुकाच करील.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही, ती म्हणजे वास. डोक्याच्या हिसक्याने गंधाच्या नाजूक तंतूंना इजा होऊ शकते, आणि माणूस फक्त ‘जेवणाला चव नाही’ एवढेच सांगतो. डोळे मिटून हिंग आणि कॉफी ओळखता येते का, ते पाहा. ओळखता येत नसेल तर स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवा आणि कारखान्यात जळका वास ओळखण्याची जबाबदारी त्यांच्या एकट्यावर नाही, एवढे पाहा.

मात्र डोकेदुखी दिवसेंदिवस चढत असेल, सारख्या उलट्या होत असतील, गुंगी वाढत असेल, एका बाजूचा हात किंवा पाय दुबळा वाटत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा आकडीचा झटका आला असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जा. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचणारे रक्त काही आठवड्यांनीही त्रास देऊ शकते. हा धोका वृद्धांमध्ये आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये अधिक असतो; यजमान तसे औषध घेत असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

आता त्या पडदे ओढलेल्या खोलीबद्दल. मार लागल्यानंतर पहिले २४ ते ४८ तास विश्रांती घ्यावी, याबद्दल दुमत नाही. त्यापुढील दीर्घ विश्रांती मात्र उपकारक असल्याचे दिसलेले नाही. अमेरिकेत ११ ते २२ वर्षे वयाच्या रुग्णांवरील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्या गटाने एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्या गटापेक्षा अधिक लक्षणे नोंदवली. २०२२ साली ॲम्स्टरडॅमला झालेल्या तज्ज्ञ परिषदेचे निवेदन खेळाडूंसाठी आहे, पण त्यातील एक नियम मी कारखान्यातल्या आणि कार्यालयातल्या माणसांनाही लावतो: लक्षणांना ० ते १० असे गुण द्यावेत, चालण्याने किंवा कामाने ते दोन गुणांपर्यंत वाढले आणि तासाभरात खाली आले, तर तेवढा त्रास चालतो, काम सुरू ठेवावे. दोनपेक्षा अधिक वाढले किंवा तासानंतरही उतरले नाहीत, तर त्या दिवशी तेवढ्यावर थांबावे आणि दुसऱ्या दिवशी थोड्या कमी पातळीवरून पुन्हा सुरुवात करावी. दुखले की इजा झाली, ही भीती माणसाला खोलीत कोंडते. घरात काळा चष्मा लावून आणि कानात कापसाचे बोळे घालून वावरणाऱ्यांचे डोळे आणि कान उलट अधिकच हळवे होत जातात. कानातले संरक्षक बोळे यंत्रांजवळ वापरण्यासाठी असतात, ते तिथेच वापरावेत.

म्हणून कामावर जाण्याआधीचा एक आठवडा घरीच तयारीचा ठेवा. ठरलेल्या वेळी उठणे, आंघोळ, नाश्ता. सकाळी २० ते ३० मिनिटे भरभर चालणे, रस्त्यावरच्या रहदारीचा त्रास होत असेल तर जवळच्या बागेत. नंतर टेबलावर बसून ४५ मिनिटे डोक्याचे काम आणि १५ मिनिटे विसावा, असे दोन फेरे. डोक्याचे काम म्हणजे मोबाइलवरची चित्रे सरकवणे नव्हे. घराच्या विजेच्या आणि किराण्याच्या बिलांचा ताळा लावावा, जुन्या मोजमापांचा तक्ता उतरवून काढावा. या आठवड्यात पाहुणे कमी बोलवा. ‘जरा बाहेर काढा त्यांना, सराफ्यात चक्कर मारून आणा’ हा आपल्याकडचा प्रेमळ सल्ला आहे, पण रात्री अकराची सराफ्यातल्या खाऊबाजाराची गर्दी, तिथला लखलखाट आणि तव्यांचा खणखणाट अजून महिनाभर नको.

प्रत्यक्ष कामाचे वेळापत्रक करताना पुस्तकातील सल्ला असा असतो की चार तासांच्या अर्ध्या दिवसाने सुरुवात करावी. पीथमपूरच्या कंपनी-बसला मात्र अर्धा दिवस ठाऊक नसतो. सकाळी नेणारी बस संध्याकाळीच परत आणते, आणि इंदूरहून राऊमार्गे जाण्यायेण्याचा तो प्रवास, त्यातले धक्के, हॉर्न आणि गप्पा धरून, स्वतःच दिवसाच्या कामाचा मोठा वाटा असतो. अशा ठिकाणी मी एक दिवसाआड हजेरीचा मार्ग सुचवतो. पहिले दोन आठवडे सोमवार, बुधवार आणि शुक्रवार कामावर, मधले दिवस घरी वर सांगितलेला क्रम. कामाच्या दिवशीही पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष काम पाच तासांपेक्षा जास्त नसावे. उरलेला वेळ शांत खोलीत नोंदी वाचण्यात आणि विसाव्यात जावा. डोके दुखू लागल्यावर विसावा घेऊन उपयोग नसतो. तो घड्याळ लावून, दुखण्याआधी, तासाला दहा मिनिटे घ्यावा. बसमध्ये पुढच्या बाजूची खिडकी धरावी आणि प्रवासात मोबाइल खिशात ठेवावा.

तासांपेक्षाही कामांचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि इथे त्यांचे साहेबच सर्वांत जास्त मदत करू शकतात. प्रथम ज्या कामाचा वेग माणूस स्वतः ठरवतो ते काम द्यावे: मोजमापाच्या उपकरणांच्या तपासणीची नोंदवही अद्ययावत करणे, बाहेरून आलेल्या मालाची वेगळ्या टेबलावर तपासणी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाच दिवसांची हजेरी आणि पाळीतला काही वेळ लाइनवर. माल पाठवण्यापूर्वीची अंतिम सही एकट्याने करणे त्यानंतर, आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्या सहीखाली दुसऱ्याची सही असावी. यात कमीपणा काही नाही; अनेक कारखान्यांत महत्त्वाच्या मोजमापांना तशीही दुहेरी तपासणी असते. रात्रपाळी सर्वांत शेवटी, आणि तीही झोप सलग दोन-तीन आठवडे नीट लागत असेल तरच. शिडीवर चढणे, उघड्या फिरत्या यंत्राजवळ एकट्याने काम करणे आणि फोर्कलिफ्ट चालवणे, हे भोवळ पूर्ण थांबेपर्यंत वर्ज्य समजावे. इथे आकडीच्या झटक्यांची भीती बोलून दाखवली जाते, म्हणून सांगतो: अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात सौम्य दुखापतीनंतर पाच वर्षांत झटके सुरू होण्याचे प्रमाण सुमारे ०.७ टक्के आढळले होते. एवढ्या कारणावरून कुणाचे काम काढून घेणे योग्य नाही. उंचीवरची मनाई ही भोवळीपुरतीच आहे.

टेबलावर त्यांनी स्वतःला एकच शिस्त लावून घ्यावी. आकडा दिसला की आधी लिहायचा, मगच मान वर करून समोरच्याला उत्तर द्यायचे. लिहिताना आकडा ओठांतल्या ओठांत उच्चारला तर अधिक बरे. ‘एक मिनिट’ असा तळहात दाखवून समोरच्याला थांबवण्याचा संकोच आपल्याकडे फार असतो, विशेषतः समोर वरिष्ठ असेल तर, म्हणून ही गोष्ट साहेबांच्या कानावर आधीच घालावी. ज्या दिवशी चुका झाल्या त्या दिवशी त्या किती वाजता झाल्या, हे एका वहीत टिपून ठेवावे. बहुतेकांच्या चुका दुपारी एकवटलेल्या दिसतात, आणि मग जोखमीची मोजमापे सकाळी घेण्याचा निर्णय आपोआप होतो.

प्रमाणपत्राबद्दल. ‘फिट’ लिहिले तर उद्यापासून रात्रपाळी लागेल, ‘अनफिट’ लिहिले तर खोली सुटणार नाही, म्हणून डॉक्टरांकडून तिसऱ्या प्रकारचे पत्र मागून घ्यावे: ‘पुढील अटींवर कामास योग्य’. त्यात आजाराचे पाल्हाळ नको. डोक्याच्या सौम्य दुखापतीनंतर सुधारणा होत आहे. अमुक तारखेपासून आठवड्यातून तीन दिवस. तासाला दहा मिनिटांचा विसावा. रात्रपाळी, उंचीवरचे काम आणि वाहन चालवण्याचे काम नाही. चार आठवड्यांनी पुनर्तपासणी, अमुक तारखेला, आणि त्या दिवशी अटी बदलल्या जातील. शेवटची तारीख सर्वांत महत्त्वाची. मनुष्यबळ विभागाला सवलत द्यायला अडचण नसते, मुदत नसलेल्या सवलतीची भीती असते. हे पत्र पोस्टाने किंवा दुसऱ्याच्या हाती धाडू नये. यजमानांनी स्वतः साहेबांसमोर बसून, कोणते काम आज नक्की करू शकतो इथून बोलण्याची सुरुवात करावी. सहकाऱ्यांना सगळी कहाणी सांगण्याचे बंधन नाही. पण काहीच न सांगितले तर मुका मार दिसत नसल्यामुळे ‘रजा उपभोगतो आहे’ अशी कुजबुज सुरू होते, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या दोघांना दोन वाक्यांत कल्पना द्यावी.

पैशाची बाजू तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना राज्य कर्मचारी विमा योजना लागू होते. त्यात आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. कामाशी संबंधित दुखापत मानली गेली तर तात्पुरत्या अक्षमतेचा लाभ ९० टक्के असतो. घर आणि कामाचे ठिकाण यांच्या दरम्यानच्या प्रवासात झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचा अपघात धरला जाऊ शकतो, आणि तुमच्या यजमानांचा अपघात कामावरून परततानाच झाला आहे. यजमान योजनेत असतील तर डिस्चार्ज कार्ड, अपघाताची नोंद आणि त्या दिवशीच्या हजेरीचा उतारा घेऊन इंदूरमध्येच नंदानगरला या योजनेच्या (ई.एस.आय.) विमा महामंडळाकडे चौकशी करा. ज्या दिवसाचे वेतन घेतले त्या दिवसाचा हा लाभ मिळत नाही, त्यामुळे एक दिवसाआड हजेरीच्या काळात मधल्या दिवसांची नोंद कशी होणार, हे मनुष्यबळ विभागाकडून आधीच लेखी घ्या. वेतन मर्यादेपेक्षा जास्त असेल तर शिल्लक अर्जित रजा अशी एकेक दिवस वापरता येईल का, ते विचारा.

‘पूर्वीसारखे होतील का’ या प्रश्नात एक सापळा दडलेला असतो. अपघातानंतर माणसाला आपला पूर्वीचा काळ होता त्यापेक्षा अधिक चांगला आठवू लागतो, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. किल्ल्या कुठे ठेवल्या ते विसरणे, दुपारी डोके जड होणे, कुणाचे नाव चटकन न आठवणे, हे सगळे अपघाताआधीही घडत होते, फक्त तेव्हा त्याची वही कुणी ठेवत नव्हते. घरातल्या माणसांनी दर तासाला ‘आता कसं वाटतंय?’ असे विचारणे म्हणूनच थांबवावे. दिवसातून एकदा, संध्याकाळी, गुण विचारून वहीत लिहावेत आणि विषय बंद करावा. चिडचिड, रडू येणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर त्याला स्वभाव समजू नका. डोक्याच्या दुखापतीनंतर नैराश्य पुष्कळांना येते, त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ते घेतल्याने अनेकदा डोकेदुखी व विसराळूपणाही कमी होतो. या काळात दारू पूर्ण बंद असावी.

माझ्या अंदाजाने, वर सांगितलेले दुखण्याचे तुकडे वेळीच हाताळले गेले, तर साधारण सहा आठवड्यांत ते नियमित दिवसपाळीवर यावेत. मधे एखादा आठवडा मागे जाईल, विशेषतः एखादे लग्न किंवा कंपनीतले ऑडिट आडवे आले तर. तेव्हा आधीच्या पायरीवर उतरावे, खोलीत परतू नये. अपघाताला तीन महिने होऊन गेल्यावरही कामाचे तास वाढवता येत नसतील, तर लक्ष, स्मरण आणि वेग यांचे मापन करणाऱ्या मज्जामानसशास्त्रीय चाचण्या करून घ्या. त्या वेळी चुकांच्या वेळा लिहिलेली वही आणि साहेबांचे दोन ओळींचे निरीक्षण सोबत न्या, कारण तपासणीच्या शांत खोलीत जे दिसत नाही ते त्यांत असते.

राहिली दुचाकी. मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळत असेल, भोवळ निदान दोन आठवडे आलेली नसेल आणि बसचा प्रवास डोके न दुखता होत असेल, तर आधी सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर मागे कुणाला तरी बसवून थोडे अंतर चालवून पाहावी. तोपर्यंत राजेंद्रनगरहून घरी रिक्षाने यावे. अपघाताच्या वेळी डोक्यावर असलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसत असले तरी त्याच्या आतील थर एका आघातातच दबलेला असतो. ते टाकून नवे घ्यावे.